मारेकची बाटली

हसू नका, त्या दिवशी मी खरंच घाबरलो होतो. डार्मश्टाटला आमच्या शेजारी मारेक राहतो. त्याने गावाहून आणलेली बिंबर मला दिली, पाण्याच्या साध्या बाटलीत. बिंबर म्हणजे पोलिश लोकांची घरी गाळलेली दारू, आपली हातभट्टीच म्हणा. आई पुण्याहून आलेली, म्हणून मी ती पूजेच्या सामानामागे लपवली. तिथे कोण दारू शोधणार?

सत्यनारायणाच्या दिवशी आईचं नाक सर्दीने बंद. तिने गंगाजल समजून ती तीर्थाच्या भांड्यात ओतली आणि चौदा पाहुण्यांच्या हातावर पळी पळी दिली. पोरं खाली खेळत होती म्हणून वाचली. सगळ्यांचे चेहरे आवळले, पण तीर्थ थुंकणार कसं? गिळलं.

पाहुणे गेल्यावर मला रिकामी बाटली दिसली. हातभट्टीने डोळे गेल्याच्या बातम्या वाचत वाढलेला माणूस मी, लगेच मारेकला फोन लावला. तो उचलेना. लोकांना सांगणार तरी काय? शेवटी ग्रुपवर पूजेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सगळ्यांना नीट दिसतोय ना?'

एकेक अंगठा येत गेला. तेरा आले. कुलकर्णीकाकांचा येईना, आणि काकांनी तीर्थ दोनदा घेतलं होतं.

तासाभराने मीच फोन लावला. "काका, फोटो दिसतोय ना?"

"दिसतोय की," काका म्हणाले. "झूम करून तेच बघतोय, भांड्यात काही उरलंय का."