मुंग्यांनी खाल्लेला गूळ

धुळ्याच्या दवाखान्यात बाळ मांडीवर झोपलं, त्यामुळे मला हलता येईना. मागच्या बाकावर पायाला पट्टी बांधलेले एक आबा आणि त्यांची बायको नंबरची वाट बघत होते.

"खरं सांगा, गूळ कोणी खाल्ला?"

"मुंग्यांनी."

"डब्याचं झाकण मुंग्यांनी उघडलं?"

"खूप होत्या."

"साखर वाढलेली शे तुमची, म्हणून जखम भरत नाही. ती मिशनची नर्स एस्तेरबाई तीन महिन्यांपासून दिवसाआड पिंपळनेरहून येते, खाली बसून तुमचा पाय धुते, पट्टी बांधते. साधा चहासुद्धा घेत नाही बिचारी."

"घेते. बिनसाखरेचा. मालेही तोच पाजते."

"आणि तिच्यामागे तुम्ही गूळ खाता! पाय कापून घ्यायचा शे का?"

"तसं नाही, कमल."

"मग कसं?"

"जखम भरली, म्हणजे ती कशाले येईल आपल्याकडे?"



"आखाजीच्या सणाला गावातल्या लेकी माहेरी येतात, त्या काय बापाची जखम बघायले येतात?"

"ती तर येशूची. तिले आखाजी चालते?"

"मी विचारलं परवा. म्हणाली, येते, पण लिंबाच्या झाडाले झोका पाहिजे."

"झोका? तो कोण बांधेल?"

"बापच बांधतो. दोन्ही पायांनी झाडावर चढून."

"धनसिंग गिरासे!" आतून हाक आली.

"चल, चल लवकर. आणि ही पुडी तुझ्याकडे ठेव."

"काय शे हिच्यात?"

"उरलेला गूळ."