सभापतींचं भाषण अन् सखारामचा चेंडू

हसू नका रं, हे खरंच घडलंय. एकाहत्तरच्या लढाईत माझा पाय गेला, तवा मिलिटरी हॉस्पिटलात मी बोलिंग शिकलो; क्रिकेटचं न्हवं, चेंडू घरंगळत सोडून उभ्या बाटल्या पाडायचा खेळ. म्हटलं, इस्लामपुरात बी सुरू करू; अपंग, धडधाकट, सगळ्यांनी मिळून खेळायचं. सुतारानं लाकडाच्या दहा बाटल्या कातून दिल्या. जागा म्हणून गुळाचं रिकामं गोदाम पायजे हुतं, पर ते बाजार समितीच्या सभापतींच्या हातात.

आमचा सखाराम आंधळा. बाटल्यांच्या मागं उभा राहून कुणीतरी बोलायचं, त्या आवाजावर हा चेंडू सोडायचा. पाळीला दोन चेंडू.

सभापती खेळ बघायला आले अन् नेमके बाटल्यांच्या मागंच उभं राहून सुरू झाले, "या बिचाऱ्या बांधवांना..."

सखारामला वाटलं, आपली पाळी. धडाड! सभापती मटकन खाली. टोपी एकीकडं, चष्मा एकीकडं. म्हटलं, गेलं गोदाम!

"किती पडल्या रं?" सखाराम.

"नऊ बाटल्या अन् सभापती."

"आवं सायेब, मग गप का झालासा? बोलत ऱ्हावा की, माझा अजून एक चेंडू हाय!"

सभापती बसल्या जागेवरनं ओरडले, "गोदाम दिलं रं बाबा! आता उरलेल्या बाटलीला बोलाया सांग!"