रुचिताचं गुरुबळ

गुरुबळ नाही. बरं. म्हणजे पंढरीनाथराव, तुम्ही मीरा रोडपर्यंत आलात ते हे सांगायला — की तुमच्या भाच्याला, यतीनला, आमची रुचिता पसंत आहे, पण तिच्या पत्रिकेत गुरू रुसलाय. बसा, बसा, पंखा वाढवतो. नात घरी नाही, कामावर गेलीय — म्हणूनच ही वेळ धरलीत ना? आणि वर काय म्हणालात, ते गुरूचे फोटो बघायचं काम तिनं सोडावं, त्यानंच ग्रह बिघडलाय. फोटो काढल्यानं बिघडतो? मग इथं आमच्या पेणकरपाड्यात गणपतीपुढं शंभर जण मोबाईल रोखून उभे असतात — बिघडला का तो?

तिचं काम काय, विचारलंत तरी का? नाही विचारलंत. गुरूभोवती यान फिरतंय, ते फोटो पाठवतं. एक फोटो आधीचा, दुसरा काही तासांनंतरचा. ती दोन्ही शेजारी लावते आणि एकच ढग दोन्हींत शोधते — हा इथं होता, आता तिथं सरकला — किती सरकला, किती वेळात — झाला वारा मोजून. तिथं एक तांबडं वादळ आहे, त्याच्या कडेला वारा ताशी चारशे किलोमीटर. मी चौथी शिकलेला, भाईंदरला स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश करण्यात जन्म गेला, पण तिनं दोनदा समजावलं तेव्हा मलाही कळलं. तुमचा ज्योतिषी काय बघतो? चौकोनात लिहिलेलं एक अक्षर. मान वर करून गुरू कधी बघितलाय का त्यानं? पोरगी इतकी वर्षं त्याच्याकडे बघतेय, आणि त्याची म्हणे तिच्यावर नजर नाही.

नाही, मी मानत नाही असं नाही. मानतो की. मी स्वतः गुरुवार धरतो. — लग्नासाठी नाही हो. हसू नका. ते वादळ आटत चाललंय. आधी म्हणे त्यात आपल्या तीन पृथ्व्या मावायच्या, आता जेमतेम एक. हे सांगताना तिचा घास हातातच राहतो. मला वाटलं, ते संपलंच तर ही काय मोजणार? काम जाईल की तिचं. म्हणून गुरुवारी एकवेळ जेवतो आणि तिला सांगतो, पोट जड आहे. — हे तुम्हाला कशाला सांगत बसलो मी. तिच्याजवळ बोलू नका.

यतीन आवडलाय तिला. परवा नवीन कानातलं घालून आरशापुढं किती वेळ उभी होती — दिसतं मला. म्हणून तर तुमचं एवढं ऐकून घेतलं. आईबाप नाहीत तिला, मी किती पुरणार? होय म्हणून टाकावं, असं मघाशी मनात आलंही. पण काम सोड, हे तिला मी सांगणार नाही. आणि तुम्ही तर नाहीच सांगायचं.

यतीनला पाठवा. एकट्याला. पत्रिका आणू नकोस म्हणावं. तिच्यासमोर बसावं आणि विचारावं, आज वारा किती होता. ती सांगायला लागली की तिला थांबवणं कठीण — तेवढं ऐकून घेता आलं तर पुढचं बोलू. नाही आलं, तर तुमच्या ज्योतिष्याचं खरं.

चहा राहू द्या, गार झालाय. लिफ्ट बंद आहे, कठडा धरून उतरा.