बॅटरीचा आग्रह

अरे, घराला बॅटरी बसवली आणि इलेक्ट्रिक गाडी घेतली, तेव्हा मी सोसायटीभर सांगत सुटलो होतो, "आता लाइट गेले तरी आम्हाला कळणारसुद्धा नाही!"

परवा दुपारी लाइट गेले आणि खरंच कळलं नाही. मी बॅटरीच्या ॲपमध्ये लावून ठेवलं होतं, लाइट गेले की बॅटरीने आधी गाडी भरायची. बायकोने मला न विचारता गाडीच्या ॲपमध्ये लावलं, लाइट गेले की गाडीने घरची बॅटरी भरायची. चार तास बॅटरी आणि गाडी दोघी एकमेकींना वाढत बसल्या. दर फेरीला थोडी वीज वाटेत सांडली, आणि पाचला दोघी रिकाम्या!

आमच्याकडे राहायला आलेले सासरे गावी परतायला बॅग घेऊन दारात उभे. स्वारगेटहून सहाची बस आणि एक रिक्षा यायला तयार नाही.

शेवटी शेजारच्या साठेकाकांकडे त्यांची जुनी स्कूटर मागितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दोघी नुसत्या एकमेकींना आग्रह करत राहिल्या?"

"हो ना, काका."

"आणि दोघीही उपाशी."

"हो."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "टाकी भरून परत आणा. आग्रह करत नाही, सांगतोय."