भिवाजीच्या बगीच्यातली कोळशी

सरका रे शेकोटीजवळ. आणि ते मोबाइल खिशात टाका. भूत त्यात येत नाही, त्याला रेंज लागत नाही. हं, ऐका आता.

शेषराव खेरडे तेव्हा ऐन तिशीतला. आपल्या गावाभोवती संत्र्याचे बगीचे होते तो काळ. बहार आला की गावात कुणी अत्तर लावत नसे, गरजच नव्हती. शेषरावाचा बगीचा बापानं लावलेला. त्यावर त्या वर्षी कोळशी आली. पानं काळी, फांद्या काळ्या, फळं तर चुलीतून काढल्यासारखी. आईनं बिब्बा बांधला. बायकोनं ओल्या फडक्यानं पानं पुसली. पुसली की आठ दिवस हिरवी, पुन्हा काळी! शेषरावही मागून आणलेल्या पंपानं फवारायचा, वरून, झाडाला आंघोळ घातल्यासारखा.

थोरला भाऊ उकंडराव वैतागला. "उद्या सकाळी कुऱ्हाडवाले येतात. झाडं तोडू, कापूस लावू."

शेषराव म्हणाला, "बाबाची झाडं हायत ते, दादा."

"बाबाले दाखव मंग कोळशी!"

शेषराव तडक बहिणीच्या गावी गेला. तिच्याकडून पितळी पंप घेतला, निंबोळीचं तेल घेतलं, धुण्याचा साबण घेतला. उजाडायच्या आत फवारायचं, झाडं हिरवी दिसली तर भाऊ थांबेल, एवढीच आशा. निघता निघता अंधार पडला.

बहीण म्हणाली, "दादा, नाल्यावरून फेऱ्यानं जा. भिवाजीच्या बगीच्यातून नोको."

"मी कुऱ्हाडीले भेतो वं, भुताले नाही." आणि निघाला.

आता भिवाजी कोण? सांगतो. सडाफटिंग म्हातारा. हंगामाचं पहिलं संत्रं तो कधी विकत नसे. पोरांना हाक मारायचा, "या बे पोट्टेहो!" आणि एकेक फोड हातावर ठेवायचा. शेषरावानंही खाल्ली होती. भिवाजी गेला, पुतणे कोर्टात गेले, बगीचा ओस पडला. मग तिथे म्हातारा फिरतो, अशी बोलवा उठली. झालं! दवंडी पिटून सारं शिवार एकाच दिवशी फवारायचं, ही आपली रीत. पण भिवाजीचा बगीचा सोडून! भुताला औषध कोण मारणार?

शेषराव आत शिरला. वारा नाही. पान हलत नाही. आणि मानेवर टप्पकन थेंब! वर पाहिलं. आभाळ कोरडं, चांदण्या लखलखीत. पुन्हा टप्प. टप्प टप्प. बोट लावलं, तर चिकट. जिभेला लावलं, तर गोड! आता गोड लागलं म्हणून माणूस खूश होतो का? नाही हो. पाय उचलला तर चप्पल उठेना. हात पाहिला, तर बोटं काळी. पाहता पाहता मनगट काळं!

"कोन हाय?" शेषराव ओरडला.

"मीच हावो बे पोट्टेहो," आवाज आला.

विहिरीच्या काठावर म्हातारा उभा. डोक्यापासून पायापर्यंत काजळी. फक्त डोळे पांढरे.

"साऱ्या शिवाराले औषध मारता. माह्यावालाच बगीचा काहून सोडता?"

शेषराव कसाबसा म्हणाला, "तु... तुमचं भेव वाटते, काका."

"मंग आता मार. विहिरीत पानी हाय."

काय करतो बिचारा! पाणी शेंदलं, तेल-साबण कालवला, पंप मारू लागला. वरून, नेहमीसारखा. म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. बर्फासारखा हात!

"पान उलटून पाह्यलं का कधी?"

शेषरावानं पान उलटलं. काडी पेटवली. खाली बारीक बारीक किडे, खेटून खेटून, रस पीत बसलेले. तेच तो गोड चिकटा खालच्या पानावर सांडत होते आणि चिकट्यावर काळी बुरशी धरत होती! शेषराव आजवर काजळी पुसत होता. काजळी करणारे मात्र पानाखाली मजेत.

मग म्हातारा फांद्या वाकवून धरतो, शेषराव खालून पंप मारतो. झाडामागून झाड. पंपात शेवटचं पाणी उरलं तेव्हा म्हातारा मायेनं म्हणाला, "आता घरी नोको जाऊ. रायजो इथंच. एकट्यानं कर्मत नाही मले."

आणि मिठी घातली! गळ्यापर्यंत काजळी चढली. पाय जमिनीला डकलेले. श्वास कोंडला. शेषरावाला बापाची झाडं आठवली, सकाळची कुऱ्हाड आठवली. त्यानं नळी फिरवली अन् स्वतःवरच साबणाचं पाणी मारलं! अंगावर, पायावर! चिकटा सुटला. म्हाताऱ्याच्या मिठीतून तो माशासारखा निसटला. चप्पल तिथेच. धूम!

मागून हाक आली, "पोट्ट्या, फोड तर खाऊन जाय!" तीच जुनी हाक. त्यानं मागे पाहिलं नाही. पण रडला, असं तो स्वतः सांगायचा.

उजाडताना तो आपल्या बगीच्यात पोचला. काळाठिक्कर, अनवाणी, पाठीवर पंप. कुऱ्हाडवाले नुकतेच बिडी पेटवत होते. त्यांनी एकदाच पाहिलं आणि कुऱ्हाडी टाकून जे पळाले! उकंडराव त्यांच्या पुढे होता, हे घरात कुणी बोलत नसे.

दुसरे कुऱ्हाडवाले यायला तयार होईनात. तेवढ्यात शेषरावानं पानं उलटून फवारलं. मग दवंडी पिटली, दिवसाउजेडी सारा गाव भिवाजीच्या बगीच्यात शिरला. झाडं वाचली, दोघांचीही. पुढच्या हंगामाचं पहिलं संत्रं शेषरावानं सोलून त्या विहिरीच्या काठावर ठेवलं. सकाळी फक्त साल उरली होती. माकडं असतील म्हणा. मी वाद घालत नाही.

आता तिथे प्लॉट पडलेत. बगीचे गेले, तो वास गेला. एका कुंपणात कागदी लिंबाचं एक झाड आहे, काळंकुट्ट. मालक रोज पाइपनं पानं वरून धुतो.

म्हणून सांगतो पोरांनो, रात्री त्या वाटेनं जाऊ नका. आभाळ कोरडं असताना मानेवर गोड थेंब पडला, तर म्हातारा विचारणार, पान उलटून पाह्यलं का? आणि तुमच्या खिशात मोबाइल असेल, साबण नसेल.