लेझरची कटकट

हसा गं, या वयात दातांना तारा लावून घेतल्या म्हणून खुशाल हसा! पण लेझरचं तुम्हाला सांगितलंच नाही मी.

कॉलेज रोडवरची माझी डॉक्टरीण मूळची कळवणची, माझ्या लेकीच्या वयाची. एकदा म्हणाली, "काकू, लेझर घेतलात तर दात लवकर सरकतील. तारा लवकर निघतील."

म्हटलं, "मला कसली घाई? माझं काय लग्न ठरलंय?"

"तसंही त्यात एक कटकट आहे. एरवी महिन्यातून एकदा यायचं, लेझरला दर आठवड्याला यावं लागतं."

"दर आठवड्याला? मग करा की!"

अगं, हे गेल्यापासून दिवसभरातलं माझं बोलणं म्हणजे सकाळी दूधवाल्याला "एकच पिशवी." आणि इथे ही पोरगी माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवायची, हिरड्यांवर लेझर धरायची आणि सासूपासून माहेरच्या कांद्यापर्यंत सगळं सांगत बसायची. मी आ वासून नुसती "आं, आं" करायचे. पण गप्पाच की त्या!

मेला लेझर भलताच गुणाचा निघाला. दात भराभर सरळ झाले. तारा काढल्या त्या दिवशी तिने हातात आरसा दिला. मी बघितलं, पर्स उचलली आणि सवयीने म्हटलं, "येते हं."

तीच माझ्यापेक्षा खूश! म्हणाली, "आता कशाला येताय काकू? सहा महिने सुट्टी तुम्हाला!"

मग काय, दात सरळ झालेच होते. हसून दाखवलं.