पाव्हण्यानं आधी भूतबंगला बघायचा

बसा तात्यासाहेब, टेका इथं बाकावर — पाणी घ्या, दम खा. घाबरला नाय म्हणता? व्हय, व्हय. भूतबंगल्यातनं भाईर पडलेला हरेक गडी हेच म्हणतो. मागल्या दिवाळीत एक फौजदार आलता, तोबी म्हणला घाबरलो नाय, आन सोताची बायको आतच विसरून आलता. तुमची मंडळी तिकडं घरात आमच्या म्हातारीजवळ, बानाबाईजवळ पोहे खातीय, काळजी नको. तुमचा पोरगा सत्यमबी तिथंच हाय — पोरगी बघाय आलेल्या पोरानं बसावं तसा, गुडघ्यावर हात ठेवून. तुम्हाला तेवढं मी बाजूला काढलं. का काढलं? आमच्यात रीतच हाय तशी. पाव्हण्यानं आधी भूतबंगला बघायचा, मंग पोरगी. कुणी घातली ही रीत? मीच घातली, औंदाच घातली — रीत कुणीतरी घालायलाच लागती की.

आन पोरीला अजून साडी नेसायची हाय, घाई काय? बघा की आमचं राज्य. हा आकाशपाळणा, ही झुकझुक गाडी, ते तिकडं लठ्ठ्याला रोड दावणारे आरसे — त्यांच्यापुढनं बानाबाई सणासुदीला दोनदा जाती, मुद्दाम. ही सारी आमची मेंढरं बसायची जागा. पडेगावात तवा कुत्रं फिरकत नव्हतं. दौलताबादचा किल्ला बघाय जाणाऱ्यांच्या गाड्या ह्याच रस्त्यानं जायच्या, आन मी काठीवर हनुवटी टेकून बघत राहायचो — म्हणलं, ही माणसं पैसे मोजून चढ चढत्यात, घाम गाळत्यात, मंग बसून फिरायचे देणार नायत व्हय? मी चौथी शिकलेला, तीबी मास्तर कंटाळला म्हणून पास केलेला, पण हे गणित बरोबर आलं. आधी पाळणा आणला, मंग गाडी. मेंढरं कोंडायची पत्र्याची शेड होती, तिला आतनं काळा रंग दिला — झाला भूतबंगला. भुताचे केस बघितले का? आमच्याच मेंढीची लोकर. भूत अस्सल गावरान हाय, शेरातनं आणलेलं नाय.

मंग तो कोरोना आला आन गेटाला कुलूप लागलं. गवत इतकं वाढलं की हनुमाननं — म्हंजी माझ्या पोरानं, पोरीच्या बापानं — भावकीतली मेंढरं आत सोडली. एक एडका रोज झुकझुक गाडीच्या इंजिनात चढून बसायचा, रवंथ करत, डायव्हर वाट बघत बसतो तसा. मी त्याला हात करायचो — चला म्हणायचो, सुटली गाडी. बानाबाई म्हणायची, हसा, तुमचं काय जातंय. माझं काय जात होतं... जाऊ द्या. पुढं सरकारनं उघडा म्हणलं, आम्ही उघडलं, पण माणूस येईना. लोकं एकमेकांच्या शिंकंला भ्यायची, भुताला कोण भिणार? हनुमान म्हणला, आबा, मोडून टाकू आता. शहागंजातल्या भंगारवाल्या नवाबभाईला बोलावणं धाडलं. तो आला त्या दिवशी मी रस्त्याकडं तोंड करून बसलो — आपली मेंढी कापताना माणूस बसतो तसा.

तर नवाबभाई पत्रे मोजाय म्हणून बंगल्यात शिरला, आन आतनं अशी किंकाळी आली की इंजिनातला एडका खाली पडला. भुताची नाय — नवाबभाईची. पळत भाईर आला, मोजायची पट्टी मागं सापावाणी वळवळत. झालतं काय, आमची ज्ञानेश्वरी — हीच, तुम्ही बघाय आलाय ती — आत दडून बसलेली, घोंगडी पांघरून. शाळेत होती तवा. आजोबाचा बंगला मोडणाऱ्याला जित्ता सोडायचा नाय, असं ठरवूनच बसलेली. मी म्हणलं, आता पोरगी मार खाती. पण नवाबभाई आधी थरथरला, मंग हसाय लागला, हसता हसता खाली बसला आन डोळे पुसाय लागला. म्हणला, "चच्चा, दो साल में पैली बार हंसा मैं. लोहा रैने दो, पैले मेरे बच्चोंकू डराव." दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून घरची माणसं घेऊन हजर. तिथनं शहागंजात बोभाटा झाला की पडेगावचं भूत असली हाय — मंग काय, गल्ल्याच्या गल्ल्या आल्या, मागनं शाळांच्या सहली आल्या. असं उभं राहिलं हे परत.

पोरगी गुणाची हाय असं म्हणलो का मी? नाय म्हणलो. तुमच्या भल्याचं सांगतो तात्यासाहेब, लई अवघड पोरगी हाय. हात कायम ग्रीसनं काळे. पाळण्याचं बेअरिंग बिघडलेलं तिला नुसत्या आवाजावरनं कळतं, आन तव्यावरची भाकरी जळाली तरी कळत नाय. आन भूत म्हणून आत बसती तर किंचाळणं सोडून भलतंच करती — एखादं लेकरू अंधारात रडाय लागलं की त्याच्याजवळ जाती आन कानात म्हणती, मलाबी भ्या वाटतंय रे, मला भाईर ने की. ते लेकरू रडायचं थांबतं, भुताचा हात धरतं आन छाती काढून भाईर येतं. आईबापाला सांगतं, ह्याला मी सोडवून आणलं. आता हे काय भुताचं काम हाय? आन तेच लेकरू पुढच्या रविवारी परत येतं, भूत बरं हाय का बघाय. पण तुम्ही हसताय कशाला? मी दोष सांगतोय तुम्हाला.

व्हय — आत तीच होती. साडी नेसतीय म्हणलो ते खरंच, नेसूनच बसली, वरनं घोंगडी. आता कळलंच हाय तर ऐका. जालन्याचे पाव्हणे आलते, तुमच्यापरीस धडधाकट, टोपी टाकून पळाले. पैठणचे तर पोह्याला थांबले नायत. पोरगी हसून हसून लोळली. मीच सांगतो तिला, पाव्हणा आत आला की जीव खाऊन किंचाळ. का म्हंजी? ती गेली तर हे कोण बघणार? हनुमानला पाळण्यात बसलं की चक्कर येती. बानाबाईला आरशापुढनं हलवावं लागतं. आन मला सकाळी उठून चिडवायला कोण... नाय, मी धंद्याचंच बोलतोय. धंद्याचंच.

बरं, ते सोडा. तुम्हाला काय केलं तिनं? पाय धरला? मानंवर फुंकर घातली? काहीच नाय? असं कसं, मी सकाळी दोनदा बजावलंय. हात धरला? आन काय म्हणली... "मामा, पुढं पायरी हाय, हळू"? भूत म्हणलं असं? काका नाय, मामा, सासऱ्याला म्हणत्यात तसं — नीट ऐकलं ना तुम्ही? आन हातात बांगड्या वाजत होत्या.

थांबा जरा. ती कामावर बांगड्या घालत नाय.

हे स्थळ तुमच्याकडनं आलं, नाय का? सत्यमनंच विषय काढला म्हणता. वाळूजला कंपनीत हाय तो, रविवारची सुट्टी. पावसाळ्यापासनं एक पोरगं येत होतं — रविवारी, एकटंच. पाळण्यात बसायचं नाय, गाडीत बसायचं नाय, नुसतं भूतबंगल्यात जायचं. भाईर आलं की परत तिकीट. मी म्हणलं येडं हाय, घरात पैसा जास्त झालाय, म्हणून त्याला जोरात हाका मारायचो — या भूतराव, या. तोंडाला रुमाल बांधलेला असायचा त्याच्या, पण चष्मा होता. सत्यमला चष्मा हाय. काळ्या काड्यांचा. हाय ना? माझ्याच घरात बसून पोहे खातंय, आन मघाशी पाया पडताना हसलं ते मला वाटलं लाजलं.

आख्खा जन्म मी माणसं बनवण्यात घालवला तात्यासाहेब, आन हिनं मला माझ्याच बंगल्यात बनवला. तिकिटं काढून बनवला.

उठा आता. घरात जावा. तिच्या साडीला लोकर चिकटलेली दिसंल, तुमच्या मंडळींनी इचारलं तर काय नाय म्हणा. आन मला काय कळलंय असं तिच्यापुढं दावू नका — आजोबाला फसवलं, एवढी मजा घेऊ द्या तिला, लगीन होऊन तुमच्या सिल्लोडला आली की सांगा पाहिजे तर. मी? तुम्ही व्हा पुढं. तिकडं लायनीत लेकरं उभी हायेत, आन आत भूत नाय, नुसती घोंगडी पडलीय — आज मीच पांघरतो. जावा म्हणलं ना.